जबलपूरचे ग्रेनेडियर आणि कैलाहूनचा वेढा : वांशिक संघर्षातील शांतिसेनेची कसोटी

मध्य प्रदेशातील जबलपूर शहर आणि पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन या देशाचे नाते भारतीय लष्कराच्या इतिहासात नोंदले गेले आहे. जबलपूर येथे ज्यांचे रेजिमेंटल सेंटर आहे, त्या ग्रेनेडियर्स रेजिमेंटची १८ वी पलटण २००० साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या निळ्या ध्वजाखाली सिएरा लिओनमध्ये तैनात होती. बंडखोरांनी वेढलेल्या भारतीय शांतिसैनिकांच्या सुटकेसाठी त्या वर्षी जुलै महिन्यात झालेल्या 'ऑपरेशन खुकरी'त तिचा सहभाग होता. शांतता राखण्यासाठी पाठविलेल्या सैनिकाने शस्त्र केव्हा उचलावे, हा प्रश्न या मोहिमेने ठळकपणे पुढे आणला. वांशिक आणि अंतर्गत संघर्षांतील आंतरराष्ट्रीय हस्तक्षेपाबाबत आजही याच प्रश्नावर वाद होतो.

शांतिसेना म्हणजे काय?

संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेत 'शांतिसेना' असा शब्द नाही. सनदेचे सहावे प्रकरण वाद सामोपचाराने मिटविण्याविषयी आहे, तर सातव्या प्रकरणात शांतताभंग करणाऱ्याविरुद्ध बळाचा वापर करण्याची तरतूद आहे. शांतिसेना या दोहोंच्या मधली व्यवस्था म्हणून व्यवहारातून उभी राहिली. १९४८ साली पश्चिम आशियात लष्करी निरीक्षक पाठविण्यात आले. सुएझ संघर्षानंतर १९५६ साली पहिली सशस्त्र आपत्कालीन सेना उभारण्यात आली आणि त्या सेनेत भारतीय सैनिकही होते.

या व्यवस्थेची तीन मूलतत्त्वे सांगितली जातात. संघर्षातील पक्षांची संमती हे पहिले, निःपक्षपातीपणा हे दुसरे आणि स्वसंरक्षण किंवा सोपविलेल्या कामाचे रक्षण याखेरीज बळाचा वापर न करणे हे तिसरे. दोन देशांच्या सैन्यांमध्ये युद्धबंदी रेषा असते तेव्हा ही तत्त्वे पाळणे तुलनेने सोपे असते. एकाच देशातील दोन समाज परस्परांवर उठतात तेव्हा मात्र आघाडी कोठे आहे, शत्रू कोण आणि नागरिक कोण, हेच स्पष्ट नसते. संमती देणारा नेता दुसऱ्या दिवशी ती मागे घेतो किंवा त्याचे सैनिक त्याचे ऐकत नाहीत. कॉंगो, श्रीलंका, बोस्निया, रवांडा आणि दक्षिण सुदान येथे नेमके हेच घडले.

छावणीचे शहर

नर्मदेच्या परिसरातील जबलपूर एकेकाळी नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हे शहर नागपूर ही राजधानी असलेल्या प्रांताचाच भाग होते. त्यामुळे मराठी समाजाचे या शहराशी जुने संबंध आहेत. ब्रिटिश काळापासून येथे मोठी लष्करी छावणी असून १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरिया येथील दारूगोळा कारखाना आणि १९६९ साली लष्करी वाहनांचा कारखाना येथे उभा राहिला. अनेक वर्षे भारतीय लष्कराची रसद वाहणारे शक्तिमान ट्रक जबलपूरमध्येच तयार होत असत.

ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या दोन रेजिमेंटची प्रशिक्षण केंद्रे याच शहरात आहेत. १९९९ च्या कारगिल युद्धात परमवीर चक्र मिळालेल्या चौघांपैकी तिघे या दोन रेजिमेंटचे होते. त्यांपैकी योगेंद्रसिंह यादव १८ ग्रेनेडियर्सचे, तर कॅप्टन विक्रम बत्रा आणि संजय कुमार १३ जम्मू-काश्मीर रायफल्सचे. टायगर हिल जिंकणारी १८ ग्रेनेडियर्सची पलटण पुढच्याच वर्षी आफ्रिकेत शांतिरक्षणासाठी गेली.

ग्रेनेडियर्समध्ये जाट, राजपूत, डोगरा, गुजर, मुस्लिम अशा विविध समाजांतील जवान असतात. १९६५ च्या युद्धात मरणोत्तर परमवीर चक्राने गौरविलेले अब्दुल हमीद याच रेजिमेंटचे. सामाजिक फळ्या पडलेल्या देशात जाणाऱ्या सैन्याला स्वतःच्याच पलटणीतील हा अनुभव उपयोगी पडतो, असे लष्करी जाणकार मानतात.

सामाजिक संघर्ष जबलपूरला अपरिचित नाही. फेब्रुवारी १९६१ मध्ये या शहरात भीषण हिंदू-मुस्लिम दंगल झाली. तिच्या धक्क्यानंतर त्याच वर्षी राष्ट्रीय एकात्मता परिषदेची कल्पना पुढे आली. योगायोग असा, की त्याच महिन्यात, २१ फेब्रुवारी १९६१ रोजी, सुरक्षा परिषदेने कॉंगोमध्ये यादवी टाळण्यासाठी शेवटचा उपाय म्हणून बळाच्या वापराला मान्यता दिली आणि भारताने तेथे एक ब्रिगेड पाठविली. देशांतर्गत दंगल आटोक्यात आणताना सैनिकाच्या पाठीशी कायदा, दंडाधिकारी आणि न्यायालये असतात. परदेशात शांतिसैनिकाला अनेकदा यांपैकी काहीच कार्यरत आढळत नाही. दोन कामांतील मूलभूत फरक हाच आहे.

सिएरा लिओन : संघर्षाचे मूळ

सिएरा लिओनमधील यादवी २३ मार्च १९९१ रोजी सुरू झाली. फोडे सांको याच्या नेतृत्वाखालील रिव्होल्युशनरी युनायटेड फ्रंट या संघटनेने लायबेरियाच्या हद्दीतून पूर्व भागावर हल्ला केला. लायबेरियातील बंडखोर नेता आणि पुढे त्या देशाचा अध्यक्ष झालेला चार्ल्स टेलर याचा तिला पाठिंबा होता.

हा संघर्ष केवळ वांशिक होता, असे म्हणता येत नाही. देशाच्या राजकारणात दक्षिण-पूर्वेकडील मेंडे आणि उत्तरेकडील टेम्ने व लिम्बा या समाजांत फळी होती आणि प्रमुख पक्षांचे बालेकिल्लेही त्याच आधारावर ठरत. तथापि बंडखोरांनी सर्वच समाजांतील नागरिकांवर अत्याचार केले. हात तोडणे, मुलांना पळवून त्यांच्या हाती बंदुका देणे, गावे जाळणे हे प्रकार सर्रास झाले. पूर्वेकडील हिऱ्यांच्या खाणी हे युद्धाचे आर्थिक इंधन होते. बाहेरून वांशिक वाटणाऱ्या संघर्षामागे जमीन, खनिजे, बेरोजगार तरुण आणि कोसळलेले प्रशासन ही कारणे अनेकदा असतात. हस्तक्षेप करणाऱ्यांनी ती ओळखली नाहीत, तर उपायही चुकतो.

७ जुलै १९९९ रोजी टोगोची राजधानी लोमे येथे सरकार व बंडखोरांत करार झाला. सांकोला सरकारमध्ये स्थान देण्यात आले आणि बंडखोरांना माफी जाहीर झाली. कराराच्या अंमलबजावणीसाठी सुरक्षा परिषदेने २२ ऑक्टोबर १९९९ रोजी 'युनामसिल' या शांतिसेनेची स्थापना केली. सुरुवातीला ६ हजार सैनिकांची मंजुरी असलेल्या या सेनेचे पहिले सेनापती भारताचे मेजर जनरल विजयकुमार जेटली होते.

कैलाहूनचा वेढा

करार कागदावर होता, पण शस्त्रे बंडखोरांच्याच हाती होती. शांतिसेना हिऱ्यांच्या पट्ट्याकडे सरकू लागताच मे २००० च्या प्रारंभी बंडखोरांनी निःशस्त्रीकरण केंद्रांवर हल्ले केले आणि सुमारे ५०० शांतिसैनिकांना ओलीस धरले. त्यांत झांबियाच्या सैनिकांची संख्या मोठी होती. ब्रिटनने आपल्या नागरिकांच्या सुटकेसाठी राजधानी फ्रीटाउनमध्ये स्वतंत्रपणे सैन्य उतरविले.

लायबेरियाच्या सीमेजवळील कैलाहून या गावी गोरखा रायफल्स आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीच्या मिळून दोन भारतीय कंपन्या होत्या. २२२ जवान आणि ११ लष्करी निरीक्षकांना बंडखोरांनी वेढले. शस्त्रे खाली ठेवा आणि निघून जा, ही बंडखोरांची अट भारतीय तुकडीने फेटाळली. पेंडेम्बू भागात आणखी २१ भारतीय जवान बंडखोरांच्या ताब्यात होते. कैलाहूनमध्ये गोळी सुटली असती, तर त्या २१ जणांचे प्राण धोक्यात आले असते.

त्यामुळे सुमारे अडीच महिने वाटाघाटींचा मार्ग अवलंबिण्यात आला. पावसाळा सुरू झाला, रसद कमी होत गेली, पण जवानांनी मोर्चे सोडले नाहीत. अखेर जूनच्या अखेरीस पेंडेम्बू भागातील २१ जवानांची सुटका झाली. कैलाहूनचा वेढा मात्र उठला नाही. संयम आणि दुबळेपणा यांतील सीमारेषा कोठे आहे, असा प्रश्न तेव्हा नवी दिल्ली आणि न्यूयॉर्क येथे विचारला जात होता.

ऑपरेशन खुकरी

१५ जुलै २००० रोजी पहाटे मोहिमेला प्रारंभ झाला. ब्रिटनच्या दोन चिनूक हेलिकॉप्टरांनी पॅराशूट रेजिमेंटचे विशेष कमांडो कैलाहूनजवळ उतरविले आणि परतताना लष्करी निरीक्षकांना बाहेर काढले. वेढ्यातील दोन कंपन्या चिलखती वाहनांसह वेढा फोडून पेंडेम्बूच्या दिशेने निघाल्या. दुसऱ्या बाजूने डारू येथील तळावरून भारतीय ताफा पुढे सरकला. मोक्याच्या ठिकाणी हेलिकॉप्टरने तुकड्या उतरविण्यात आल्या आणि लढाऊ हेलिकॉप्टरांनी आकाशातून संरक्षण दिले. १८ ग्रेनेडियर्स या संयुक्त कारवाईतील प्रमुख पलटणींपैकी एक होती. घाना आणि नायजेरियाच्या तुकड्यांनीही साहाय्य केले.

१६ जुलै रोजी सर्व सैनिक डारू येथे पोहोचले. या कारवाईत एका भारतीय जवानाला वीरमरण आले व काही जखमी झाले. वेढलेल्यांपैकी सर्वांची सुटका झाली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या ध्वजाखाली इतक्या मोठ्या प्रमाणावर आक्रमक कारवाई क्वचितच झाली होती.

यश मिळाले तरी मोहिमेतील मतभेद लपून राहिले नाहीत. शांतिसेनेतील काही नायजेरियन अधिकारी हिऱ्यांच्या व्यापारासाठी बंडखोरांशी संधान बांधून असल्याचा आरोप करणारे जेटली यांचे टिपण सप्टेंबर २००० मध्ये वृत्तपत्रांतून उघड झाले. नायजेरियाने तो फेटाळला. त्याच महिन्यात भारताने आपले सैन्य परत बोलावण्याचा निर्णय जाहीर केला आणि पुढील वर्षाच्या प्रारंभी माघार पूर्ण झाली.

त्यानंतर शांतिसेनेची मंजूर संख्या १७ हजार ५०० पर्यंत वाढविण्यात आली. ब्रिटिश सैन्याची मदत, लायबेरियावरील निर्बंध आणि शेजारी देशांचा दबाव यांमुळे बंडखोर नमले. सुमारे ७५ हजार जणांनी शस्त्रे खाली ठेवली आणि १८ जानेवारी २००२ रोजी युद्ध संपल्याची घोषणा झाली. युनामसिलचे काम डिसेंबर २००५ मध्ये पूर्ण झाले. सांकोचा २००३ मध्ये कोठडीत मृत्यू झाला. विशेष न्यायालयाने २०१२ मध्ये चार्ल्स टेलर यास दोषी ठरवून ५० वर्षांची शिक्षा सुनावली.

जाफना : संमती ओसरली तेव्हा

भारताच्या वाट्याला आलेला सर्वांत कठीण वांशिक संघर्ष समुद्रापलीकडेच होता. श्रीलंकेतील सिंहली बहुसंख्याक व तमिळ अल्पसंख्याक यांच्यातील संघर्ष मिटविण्यासाठी राजीव गांधी व अध्यक्ष जयवर्धने यांनी २९ जुलै १९८७ रोजी करार केला. भारतीय शांतिसेना त्यानुसार जाफन्यात दाखल झाली. ती संयुक्त राष्ट्रसंघाची सेना नव्हती, तर दोन सरकारांमधील कराराने गेलेली होती. लिट्टेने या कराराला मनापासून मान्यता दिली नव्हती आणि सिंहली समाजातील मोठा गटही त्याच्या विरोधात होता.

ऑक्टोबर १९८७ मध्ये 'ऑपरेशन पवन' सुरू झाले आणि ज्यांच्या संरक्षणासाठी सैन्य गेले, त्यांच्यातीलच सशस्त्र गटाशी युद्ध जुंपले. जाफना विद्यापीठाच्या मैदानात ११ ऑक्टोबरच्या रात्री उतरविलेली १३ शीख लाइट इन्फन्ट्रीची जवळजवळ संपूर्ण तुकडी मारली गेली. त्याच महिन्यात जाफना रुग्णालयात रुग्ण व कर्मचारी मारले गेल्याचा गंभीर आरोप भारतीय सैन्यावर झाला आणि स्थानिक तमिळ जनतेतील विश्वासाला तडा गेला.

या मोहिमेतील परमवीर चक्राचे मानकरी मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचा जन्म मुंबईचा. ते ८ महार पलटणीत होते. या रेजिमेंटचे केंद्र जबलपूरप्रमाणेच मध्य प्रदेशातील सागर येथे आहे. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला. छातीत गोळी लागली असतानाही त्यांनी समोरच्या अतिरेक्याची रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि प्राण जाईपर्यंत तुकडीचे नेतृत्व केले. २४ मार्च १९९० रोजी अखेरची भारतीय तुकडी परतली, तोपर्यंत सुमारे १२०० भारतीय सैनिकांनी प्राण गमावले होते. पुढे २१ मे १९९१ रोजी लिट्टेने राजीव गांधी यांची हत्या केली.

न लढल्याची किंमत

बळाचा वापर केल्याने होणारे नुकसान जाफन्यात दिसले, तर न केल्याने होणारे नुकसान रवांडा व बोस्नियात दिसले. रवांडात एप्रिल १९९४ मध्ये तुत्सींचा संहार सुरू झाल्यावर सुरक्षा परिषदेने शांतिसेना वाढविण्याऐवजी ती २७० जणांवर आणण्याचा ठराव केला. सुमारे १०० दिवसांत अंदाजे ८ लाख लोक मारले गेले. बोस्नियातील स्रेब्रेनित्सा हे 'सुरक्षित क्षेत्र' जाहीर झालेले गाव जुलै १९९५ मध्ये सर्ब सैन्याच्या हाती पडले आणि सुमारे ८ हजार मुस्लिम पुरुष व मुलांची कत्तल झाली. माजी युगोस्लाव्हियातील शांतिसेनेचे पहिले सेनापती मराठा लाइट इन्फन्ट्रीचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार होते. मार्च १९९३ मध्ये त्यांचा कार्यकाल संपला. स्रेब्रेनित्साची घटना त्यानंतर दोन वर्षांनी घडली.

कॉंगोतील अनुभव यापेक्षा वेगळा होता. कटांगा प्रांताचे वेगळेपण मोडून काढण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने १९६१ ते १९६३ या काळात प्रत्यक्ष लढाई केली. ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथविल येथे कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांनी मूठभर गोरखा जवानांसह रस्ता रोखणाऱ्या शत्रूवर हल्ला चढविला व त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. शांतिरक्षण मोहिमेत हा सन्मान मिळविणारे ते एकमेव भारतीय शांतिसैनिक होत, असे संयुक्त राष्ट्रसंघाच्या मोहिमांपुरते म्हणता येते.

ऑगस्ट २००० मध्ये, ऑपरेशन खुकरीनंतर काही आठवड्यांतच, लखदर ब्राहिमी यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. निःपक्षपाती असणे म्हणजे हल्लेखोर आणि बळी यांना एकाच मापाने मोजणे नव्हे, असे त्याचे सार होते. शांतिसेनेला काम देताना त्या कामाला पुरेसे सैनिक, साधने व स्पष्ट आदेशही द्यावेत, असे त्यात सुचविले होते.

दक्षिण सुदान : तळाचे दार

या विचाराची परीक्षा दक्षिण सुदानमध्ये झाली. डिसेंबर २०१३ मध्ये तेथे राष्ट्राध्यक्ष व माजी उपराष्ट्राध्यक्ष यांच्यातील सत्तासंघर्षाला डिंका विरुद्ध नुएर असे वांशिक स्वरूप आले. १९ डिसेंबर रोजी अकोबो येथील छोट्या तळावर सशस्त्र नुएर जमावाने हल्ला केला. तेथे डिंका नागरिकांनी आश्रय घेतला होता. हल्ल्यात दोन भारतीय सैनिक व आश्रितांपैकी अनेक नागरिक मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जोंगलेई प्रांतात पाच भारतीय सैनिक मारले गेले होते.

तरीही संयुक्त राष्ट्रसंघाने आपल्या तळांची दारे बंद केली नाहीत. पुढील काळात या तळांवर आश्रय घेतलेल्यांची संख्या सुमारे दोन लाखांपर्यंत गेली. २०१९ ते २०२२ या काळात या शांतिसेनेचे नेतृत्व भारताचे लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर यांच्याकडे होते.

हस्तक्षेपाचा वाद

शांतिसेना आणि लष्करी हस्तक्षेप यांत फरक आहे. मार्च ते जून १९९९ मध्ये कोसोव्होतील अल्बेनियन लोकांच्या रक्षणाचे कारण देऊन नाटोने युगोस्लाव्हियावर बॉम्बवर्षाव केला. त्यास सुरक्षा परिषदेची मान्यता नव्हती. भारताने त्यावर टीका केली होती. २००५ च्या जागतिक शिखर परिषदेत 'संरक्षणाची जबाबदारी' हे तत्त्व मान्य झाले. आपल्या नागरिकांना संहारापासून वाचविणे ही प्रथम त्या देशाची जबाबदारी असून तो देश उघडपणे अपयशी ठरल्यास सुरक्षा परिषदेमार्फत सामूहिक कृती करता येते, असा त्याचा अर्थ आहे. बलवान देश याचा वापर सत्तापालटासाठी करतील, ही भारतासह अनेक देशांची शंका २०११ मधील लिबियातील कारवाईनंतर अधिक बळावली.

भारताने आजवर ५० मोहिमांत २ लाख ९० हजारांहून अधिक सैनिक पाठविले असून सुमारे १८० जणांनी प्राणार्पण केले आहे. सैनिक पाठविणारे देश एक आणि आदेश ठरविणारे देश दुसरे, ही विषमता दूर व्हावी, अशी भारताची जुनी मागणी आहे. कैलाहूनमध्ये वेढ्यात अडकलेल्या जवानांचा अनुभव या मागणीला आधार देतो. तेथे करार करणारे, आदेश लिहिणारे आणि हिऱ्यांचा व्यापार करणारे सारे दूर होते. शस्त्र खाली ठेवायचे की नाही, हा निर्णय मात्र वेढ्यातील जवानांनाच घ्यावा लागला.

दृष्टिक्षेपात

१९५६ : सुएझ संघर्षानंतर पहिली सशस्त्र आपत्कालीन सेना, भारताचा सहभाग
१९६१ : कॉंगोमध्ये बळाच्या वापराला मान्यता, कॅप्टन सलारिया यांचे बलिदान
१९८७–९० : श्रीलंकेतील भारतीय शांतिसेना
१९९४ : रवांडातील वंशसंहार
१९९५ : स्रेब्रेनित्सा येथील कत्तल
१९९९ : लोमे करार, युनामसिलची स्थापना
२००० : कैलाहूनचा वेढा, ऑपरेशन खुकरी, ब्राहिमी अहवाल
२००२ : सिएरा लिओनमधील युद्धाची समाप्ती
२००५ : 'संरक्षणाची जबाबदारी' या तत्त्वाला मान्यता
२०१३ : दक्षिण सुदानमध्ये अकोबो तळावर हल्ला